चौथं चाक

आमच्या सोसायटीतली लहान मुलं त्यांना ‘पीसीडी काका’ म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, पण ते लिफ्टमधून उतरल्यावर.

काकांची उभी हयात भोसरीच्या एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला गेली. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाल्यावर त्यांनी टेबलावरचा जुना व्हर्निअर मागून घेतला. तो अजून पँटच्या मागच्या खिशात असतो. म्हणून काका कुठेही बसताना किंचित डावीकडे कलून बसतात. टूलरूममध्ये भोकांची परीक्षा दोन गेजवर होते. ‘गो’ आत गेला पाहिजे आणि ‘नो-गो’ जाता कामा नये. गेला, की माल रिजेक्ट. ‘चालतंय हो’ नावाचा तिसरा गेज तिथे नसतो. बाहेरच्या जगात मात्र सगळा कारभार त्याच तिसऱ्या गेजवर चालतो, आणि काकांचं जगाशी जे काही वाकडं आहे ते एवढंच.

काकांकडे फियाटची पालिओ आहे, 1.6 जीटीएक्स. 2001 साली ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा जाहिरातीत सचिन होता. त्याच्या सहीची एस-टेन नावाची खास आवृत्तीही निघाली होती. काकांची ती नव्हे. पण ‘कोणती गाडी?’ असं विचारल्यावर ते आधी ‘सचिनवाली’ म्हणतात आणि मग, इन्स्पेक्टरचं मन खातं म्हणून, ‘सही सोडून’ अशी पुस्ती जोडतात. गाडी पेट्रोल पिते. ‘केवढं?’ हे मात्र विचारायचं नसतं.

एका पावसाळ्यात मागचं डावं चाक खड्ड्यात आपटलं. अलॉयच्या आतल्या कडेला चीर गेली. साधी लोखंडी डिस्क असती तर वाकली असती आणि पंक्चरवाल्याने हातोड्याने ठोकून सरळ करून दिली असती. ओतीव अॅल्युमिनियम तसं वाकून घेत नाही, ते तडकतं. ‘आर्गन वेल्डिंग मारून देतो, कळणारसुद्धा नाही,’ असं गॅरेजवाला म्हणाला. ‘मला कळेल,’ काका म्हणाले, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद कशी मरते हे त्याला समजावून सांगू लागले. त्या दिवशी त्या गॅरेजात दुसरी गाडी आत गेली नाही.

तेव्हापासून काकांना एक चाक हवं आहे. तीन आहेत, चौथं हवं.

एवढी सोपी गोष्ट का अडावी, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने काकांना विचारावं आणि घरी जेवायला वाट पाहू नका असा निरोप आधीच द्यावा. थोडक्यात असं. चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं की झालं. स्विफ्ट, आय-टेन, होंडा सिटी या सगळ्यांचं हे माप 100 मिलिमीटर. फोर्ड आयकॉनचं 108. आणि उनो म्हणा, पालिओ म्हणा, पुंटो म्हणा, फियाटचं 98. म्हणजे बाजारात ज्या मापाचा पूर आहे त्यापेक्षा बरोब्बर दोन मिलिमीटर कमी. आठ-दहा मिलिमीटरचा फरक असता तर चाक बसलंच नसतं आणि विषय मिटला असता. दोन मिलिमीटरमुळे ते ‘बसल्यासारखं’ बसतं, आणि काकांचं आयुष्य या ‘सारखं’वर उठलेलं आहे.

नाना पेठेतला दुकानदार वरच्या फळीवरून एक चकचकीत मॅग व्हील काढतो, त्यावरची धूळ बाहीने पुसतो आणि म्हणतो, ‘घ्या काका. तुमच्याच गाडीचं.’

काकांचा हात मागच्या खिशात जातो.

‘शंभर आहे.’

‘दोन एमएमचा तर फरक! पाना मारला की बसून जातंय.’

‘व्यासात दोन,’ काका शांतपणे म्हणतात. ‘म्हणजे एकेका बोल्टला एक. पण हा एक जाणार कुठे? बोल्टचा शंकू एकाच बाजूने टेकणार. चाक मध्यावर बसणार नाही. ऐंशीला स्टिअरिंग थरथरणार. आणि एक दिवस बोल्ट तुटणार.’

‘ऐंशीला नका ना जाऊ मग.’

हे उत्तर पुण्यात मिळणारच होतं. एका हुशार दुकानदाराने ‘वॉबल बोल्ट’ही दाखवले. त्यांची शंकूसारखी कड सुटी असते, ती सरकून तेवढा फरक खाऊन टाकते. वस्तू खरीखुरी आहे, परदेशात सर्रास वापरतात. काकांनी तो बोल्ट हातात घेऊन त्याची कड बोटाने हलवून बघितली आणि लगेच परत दिला. ‘बोल्टने हलायचं नसतं,’ ते म्हणाले. मला वाटतं, त्यांच्या चरित्राला हे शीर्षक चाललं असतं.

इथे कुणीही शहाणा माणूस विचारेल, की पुंटोचं माप जर 98 आहे, तर पुंटोचीच चार चाकं का लावू नयेत? मीही विचारलं होतं. पंधरा इंची लावायची तर टायर बुटके घ्यावे लागतील एवढं ते म्हणाले. मी म्हणालो, घ्या. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘ती पुंटोची आहेत.’ पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक मोजमापाच्या तळाशी न मोजता येणारं काहीतरी असतंच. काका फक्त तिथे पोहोचायला जरा जास्त वेळ घेतात.

तूर्त मागच्या डाव्या बाजूला काळी लोखंडी डिस्क आहे. बाकी तीन चाकांवर नक्षी. लोकांच्या हे लक्षातही येत नाही, पण काका गाडी नेहमी डावी बाजू भिंतीला चिकटवून लावतात. पार्किंगच्या सोडतीत त्यांना मधली जागा निघाली तेव्हा त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या जोशींबरोबर अदलाबदल केली आणि वर वर्षभराचं गाडी धुण्याचं काम पत्करलं. जोशींची गाडी इतकी स्वच्छ त्याआधी कधी नव्हती.

त्या डिस्कचंही एक शास्त्र आहे. अलॉय जाड, डिस्क पातळ, त्यामुळे दोन्हींचे बोल्ट वेगळ्या लांबीचे. अलॉयचे लांब बोल्ट डिस्कला लावले तर आतल्या बाजूला जास्त शिरतात आणि ब्रेकच्या भागांना घासू शकतात. म्हणून आखूड बोल्टांवर काकांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. पंक्चर काढायला आलेल्या पोराकडून ते आधी हे सगळं वदवून घेतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आता पालिओ दिसली की चहाला जातो.

बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई. सकाळच्या सिंहगडने दादर, तिथून लोकलने कुर्ला, मग सीएसटी रोड. मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव तिथे दुकानांच्या दारात टांगलेले असतात. पालिओ कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायची, त्यामुळे काका या वारीला ‘माहेर’ म्हणतात. पुढे फियाटचं सगळं काम रांजणगावला गेलं आणि आता तिथून जीप निघते. काकांनी तिचंही चाक पाहिलं आहे. ‘पाच बोल्ट,’ ते म्हणाले, आणि मान फिरवली.

कुर्ल्याला त्यांना चाकं मिळाली नाहीत असं नाही. चौदा इंची, तीच नक्षी, मधलं भोक 58.1, सगळं बरोबर. पण दुकानदार सेट फोडायला तयार नव्हता. ‘चार लेके जाओ, अंकल. एक बेचा तो तीन का मैं क्या करूँ?’ तिघांचं काय करायचं, हे जगात काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी त्याची अडचण पूर्णपणे मान्य केली. दुकानदाराच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, असंही म्हणाले. चारही घेऊन टाका, असं आम्ही सगळे म्हणालो. ‘मग सात होतील,’ काका म्हणाले, ‘आणि सातात एक कमी पडतं.’

नाशिककर त्यांना भेटले ते नाना पेठेतल्या दुकानदारामुळे. ‘अशाच चाकासाठी नाशिकचे एक साहेब नंबर ठेवून गेलेत,’ तो म्हणाला. काकांनी तिथूनच फोन लावला. साहेब बँकेतून निवृत्त झालेले. गाडी तीच, चाकंही तीच. आणि चाकं किती? तीन. चौथं एका पावसाळ्यात तडकलेलं.

बोलणी तेव्हापासून सुरू आहेत. काकांचं म्हणणं असं की नाशिककरांनी एक द्यावं. त्यांच्याकडे दोन उरतील, म्हणजे निदान पुढच्या अॅक्सलची जोडी तरी जमेल. नाशिककरांना हा विचार अत्यंत पटतो. फक्त एक त्यांना द्यावं आणि जोडी काकांनी जमवावी, असं त्यांचं मत आहे. ते काकांची तिन्ही चाकं योग्य किमतीला घ्यायला तयार आहेत, हप्त्यानेसुद्धा. काका त्यांची तिन्ही घ्यायला तयार आहेत, मात्र आधी तपासून. चिठ्ठ्या टाकाव्या असं काकूंनी सुचवलं. दोन्ही पक्षांनी ही सूचना एकमताने फेटाळली. आजवर त्यांचं एकमत झालं ते याच एका बाबतीत.

दर रविवारी संध्याकाळी फोन होतो. आधी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी, मग नातवंडांची, मग हळूच गाडीची. ‘चालवता ना रोज?’ काका विचारतात. ‘अधूनमधून,’ नाशिककर सावधपणे सांगतात. ‘जुन्या गाड्या रोज चालवाव्यात हो, बॅटरी उतरते.’ जून उजाडला की या आपुलकीला भरती येते. ‘पाऊस कसा आहे? रस्ते कसे आहेत तिकडे?’ असं दोघंही विचारतात, आणि दोघंही ‘छान आहेत’ असं उत्तर देतात. महाराष्ट्रातले रस्ते भर पावसाळ्यात छान आहेत म्हणणारी एवढी दोनच माणसं असावीत.

गेल्या आषाढात काकांनी निमंत्रण दिलं. मी समोरच बसलो होतो. ‘एकदा सहकुटुंब या,’ ते म्हणत होते, ‘सकाळी निघा, चाकणवरून या, जेवायलाच. हिच्या हातच्या पुरणपोळ्या खा. गाडीनेच या बरं का, म्हणजे दोन्ही गाड्या एकदा शेजारी शेजारी लावून बघू.’

‘येतो की,’ तिकडून नाशिककर म्हणाले, ‘एसटीने.’