हमखास गुण, फोन करा

लोणावळा लोकलच्या डब्यात मूळव्याधीपासून मधुमेहापर्यंत हमखास इलाज चिकटवलेले असतात. फोन नंबर ठळक, औषधात काय आहे ते गुलदस्त्यात. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी योगाचे दावेसुद्धा प्रयोगशाळेत तपासायला घेतले, हे त्या पत्रकांच्या गावीही नाही.

अशा जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आहे की! १९५४ चा. परिशिष्टात ५४ विकार, उंची वाढवण्यासकट.

२०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल पतंजली कंपनीने दिलेला माफीनामा त्या जाहिरातींएवढाच मोठा आहे का, असं सर्वोच्च न्यायालयाने विचारलं. त्याच वर्षी जुलैत केंद्राने आयुर्वेदिक जाहिरातींना पूर्वपरवानगी लावणारा नियम १७० च वगळून टाकला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पुढच्या ऑगस्टमध्ये खटला निकाली काढून तीही उठवली.