दुबईचा फ्लॅट आणि घोडेगावची सही

“थोरला दुबईत घर घेतोय म्हणं,” अक्कांनी सांगितलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच कुंपणाच्या दगडावर ठेवली. मेथी खाली ठेवली म्हणजे बातमी मोठी, हे आमच्या आळीत सगळ्यांना कळतं. कुणाच्या उसात बिबट्या दिसला, कुणाची सून रुसून ओतूरला माहेरी गेली, असल्या किरकोळ बातम्या त्या मेथी निवडता निवडताच सांगतात.

“केवढ्याला?”

“धा लाखाला. येक बेडरूम, हॉल, किचन.”

“दहा लाखांत? अहो अक्का, नारायणगावात रस्त्याकडेचा गाळासुद्धा येत नाही दहा लाखांत.”

“दिरम वो, दिरम!”

“दिरहम,” बाजेवरून आबांनी दुरुस्ती केली. “तेवीसनं गुणा.”

मी गुणलं. दोन कोटी तीस लाख. अक्कांनी ते रात्रीच गुणून ठेवलं असणार, पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी पतसंस्थेच्या कर्जखात्यात नोकरी केली. त्यामुळे आमच्या आळीत कुणी ‘हप्ता’ हा शब्द उच्चारला की दुसरी हाक मला असते.

थोरला गेला तेव्हा करामा भागात बेड-स्पेसवर राहायचा. म्हणजे खोली नाही, खोलीतला पलंग भाड्यानं. लग्न झालं, बायको तिकडं गेली, मग स्वतंत्र घर. तिथलं घरभाडं महिन्याला द्यायचं नसतं. वर्षाचं एकदम ठरतं आणि त्याचे एक, दोन नाहीतर चार चेक आधीच लिहून घरमालकाच्या हातात ठेवायचे. शिवाय घर थंड ठेवायचा खर्च. वाळवंटात पाणी समुद्राचं खारेपण काढून आणायचं आणि हवा यंत्रानं गार करायची, तेव्हा बिलं येणारच.

“त्यो म्हंतो, आई, भाड्यापरीस हप्ता कमी बसतो. मग भाडं का भरू?”

हिशेब अगदीच खोटा नाही. दहा लाखांपैकी आठ लाख बँक देते. चार-साडेचार टक्के व्याज आणि पंचवीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता साडेचार हजार दिरहमच्या आतबाहेर बसतो, म्हणजे आपले लाखभर रुपये. इथं आमच्या पतसंस्थेचा व्याजदर मी अक्कांना आठवण म्हणून सांगितला नाही. उगाच त्यांच्या मनातून आमची संस्था उतरली असती.

पण उरलेले दोन लाख पदरचे. त्यावर तिथल्या जमीन खात्याची चार टक्के फी, म्हणजे चाळीस हजार. दलालाचे दोन टक्के, त्यावर पाच टक्के व्हॅट. तारण नोंदवायचे कर्जाच्या पाव टक्का. पूर्वी ही वरची फी बऱ्याच बँका कर्जात ढकलू द्यायच्या. २०२५ पासून तेही बंद झालं. सगळं मिळून दोन लाख त्रेसष्ट हजार दिरहम रोख हवेत.

“साठ लाख,” आबा म्हणाले. त्यांचं गुणाकाराचं काम चालूच होतं.

“साठ लाखांत इथं बंगला हुईल की वो, वैनी! वर गच्चीवर शेड.”

अक्कांचं म्हणणं चुकीचं नाही. पण त्या बंगल्यातून रोज सकाळी दुबईच्या ऑफिसात कसं जाणार, हे मी विचारलं नाही. विचारायचं तरी कशाला? त्यांनाही ते माहीत होतं.

बँक सगळे पैसे का देत नाही, हा आबांचा प्रश्न मात्र योग्य होता. तिथं परदेशी माणसाला ठरावीक भागांत मालकी हक्कानं घर घ्यायला २००२ साली परवानगी मिळाली आणि नुसता लोट आला. नकाशावरची घरं सकाळी घेऊन संध्याकाळी विकणारे लोक होते. मग २००८ चं संकट आलं. किमती निम्म्यावर, काही ठिकाणी त्याच्याही खाली गेल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये तर ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी कंपनीनंच सावकारांकडे मुदत मागितली. त्या पोळण्यातून २०१३ साली त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं नियम घातला, की पन्नास लाख दिरहमपर्यंतच्या पहिल्या घराला परदेशी माणसाला पंच्याहत्तर टक्क्यांवर कर्ज नाही. २०२० मध्ये ते ऐंशी केलं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत आणि मुदत पंचवीस वर्षांहून जास्त नाही.

“त्या मंदीच्या टायमाला ओतूरचा तो फोरमन परत आला होता बघा,” आबा म्हणाले. “दोन बॅगा घेऊन. आल्यावर म्हणाला, सुट्टीवर आलोय.”

“मग?”

“अजून सुट्टीवरच हाय.”

अक्का हसल्या नाहीत. थोरल्याच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नाही.

थोरल्याचा बेत मुळात दुसराच होता. बांधून तयार नसलेलं घर घ्यायचं, बिल्डरला महिन्याला किमतीचा एक टक्का देत राहायचा, बँकेकडे जायचंच नाही. तिकडं अशा योजनांच्या जाहिराती रस्तोरस्ती असतात.

“म्हंजी भिशीच की,” अक्का म्हणाल्या.

भिशीच, फक्त भिशी कोणाकडे आहे त्या बाईचं घर आपल्याला माहीत असतं. तिथं २००७ च्या कायद्यानं गिऱ्हाइकाचे पैसे वेगळ्या राखीव खात्यात ठेवावे लागतात आणि काम पुढं सरकेल तसे बिल्डरला मिळतात. त्याआधी ज्यांनी दिले त्यांच्यातले कित्येक जण रिकाम्या वाळूचे मालक झाले. आपल्याकडे तीच गोष्ट महारेरानं केली, पण दहा वर्षं उशिरानं, २०१७ मध्ये. शिवाय महारेराचा काच जमीन पाचशे चौरस मीटरच्या वर आणि सदनिकाही आठांहून जास्त असतील तरच. मंचरला, नारायणगावला सहा-आठ फ्लॅटची इमारत उभी राहते ती काही उगाच नाही. बिल्डरलाही मोजता येतं.

“आन् नोकरी गेली तर?”

हा प्रश्न अक्कांनी आवाज खाली आणून विचारला. आबा बाजेवर कूस वळवून पडले होते, पण कान इकडंच.

घर नावावर राहतं, हप्ताही राहतो. जातो तो नोकरीचा व्हिसा. वीस लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, साडेसात लाखांच्या मालमत्तेवर दोन वर्षांचा मिळवता येतो, पण त्यातही कर्ज किती फेडलंय ते बघतात. मला विचाराल तर तिथली बँक घराला कर्ज देतच नाही, ती पगाराला देते. घर फक्त कागदाला जोडलेलं असतं. आमच्या संस्थेत अगदी उलटं होतं. माणूस कमावतो किती ते आम्ही अंदाजानं लिहायचो. टोमॅटोवाल्याला ‘मासिक उत्पन्न’ काय विचारणार? जुलै २०२३ मध्ये वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं आणि ज्यांची तोडणी नेमकी त्या पंधरवड्यात आली, त्यांनी ट्रॅक्टर घेतले, घरांवर दुसरा मजला चढवला. पुढच्याच हंगामात त्यातलेच लोक सोनेतारणाला रांगेत. आमची बुडणारी कर्जं सोन्यावर वाचायची, घरावर नाही.

कारण गावठाणातल्या घराला कागदच नसायचा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा आणायचे लोक; त्यानं मालकी सिद्ध होत नाही, म्हणून राष्ट्रीयीकृत बँक दारातूनच परत पाठवायची आणि ती माणसं आमच्याकडे यायची. आता ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देताहेत, २०२० पासूनची ती स्वामित्व योजना. चांगली आहे. पण पत्रकात नाव कुणाचं, यावरून दोन सख्खे भाऊ आमच्याच आळीत बोलेनासे झालेत. कोण ते सांगत नाही. तिसरं घर उजवीकडे.

“मी थोरल्याला म्हणाले,” अक्का पुढं सरकल्या, “तिकडं कशाला, कुकडीच्या कालव्याला लागून अर्धा एकर निघालीय, ती घे. तर म्हणतो, मला घेता येत नाय. आता बोला! शेतकऱ्याचा पोरगा, आन् शेत घेता येत नाय?”

खरं आहे ते. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा, फार्म हाऊस विकत घेता येत नाही; परकीय चलनाच्या कायद्यातच तशी मनाई आहे. फ्लॅट घे, बिगरशेती प्लॉट घे, कितीही घे. शेत मात्र वारशानंच.

“म्हंजी आम्ही मेल्यावर,” आबा म्हणाले.

“तुमी गप पडा.”

बिगरशेती प्लॉट घ्यायचा तर त्यातही मजा आहे. शेतातला गुंठा गुंठा पाडून विकणारे आळेफाट्यापासून राजगुरुनगरपर्यंत हायवेला पसरलेत. बोर्डावर लाल अक्षरात ‘सुलभ हप्ते’. पण तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. बागायत दहा गुंठ्यांच्या आणि जिरायत वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा घेतला तर दस्त अडतो. मग अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे आणि सात-बाऱ्यावर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. २०२५ मध्ये सरकारनं जुने तुकडे नियमित करायची घोषणा केली, तेव्हा आमच्याकडे काहींनी पेढे वाटले. ज्यांनी कायदा पाळून जमीन घेतली नव्हती त्यांनी.

आणि भाव? पुणे-नाशिक रेल्वे येणार म्हटल्यावर इकडच्या जमिनींना पाय फुटले होते. मोजणी झाली, काही ठिकाणी भूसंपादनही झालं. मग खोडदची दुर्बीण आडवी आली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या घेऊन ती आकाशातले बारीकसे रेडिओ संदेश ऐकत बसते. तिच्या शेजारून विजेची गाडी धावली तर ऐकू काय येणार? मार्ग बदलायचं ठरलं. त्याच दुर्बिणीपायी मोठे कारखानेही या पट्ट्यात येऊ देत नाहीत, म्हणून जुन्नरची पोरं चाकणला जातात नाहीतर दुबईला. रेल्वेच्या भरवशावर कर्ज काढून गुंठे घेतलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. आकाशातल्या ताऱ्यांमुळे हप्ता थकला, असं कारण आमच्या वसुली रजिस्टरात लिहायला जागा नव्हती.

“तरी इथलं म्हंजी आपलं,” अक्का म्हणाल्या.

“आंबेगाव पण आपलंच होतं,” आबा उठून बसले. “तालुक्याला नाव दिलं ज्या गावानं, ते डिंभे धरणाच्या पाण्यात. तिथल्यांनी बी चांगले चिरेबंदी वाडे बांधले होते.”

अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांचं आजोळ त्या खोऱ्यातलं.

मग मी विषय बदलावा म्हणून विचारलं, “साठातले त्याच्याकडे किती आहेत?”

इथं खरी बातमी निघाली. मेथी ज्यासाठी खाली ठेवली होती ती ही. थोरल्याकडे निम्मे आहेत. तीस लाख आबांनी इकडून पाठवावेत असं त्याचं म्हणणं आहे.

“तुमच्या पतसंस्थेतून निघंल का, वैनी? तुमची वळख हाय.”

ओळख आहे, पण उपयोग नाही. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेची तशी योजना आहे. पण मालमत्तेसारख्या कामासाठी इथल्या बँकेनं कर्ज देऊन ते पैसे बाहेर धाडायचे नाहीत. पैसे आपले हवेत. शिवाय वर्षाला दहा लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर वीस टक्के कर बँक आधीच कापून घेते. रिटर्न भरून तो परत मागता येतो, पण तोवर अडकतो. एकट्या आबांनी तीस लाख धाडले तर चार लाख अडकतील. दोघांनी पंधरा-पंधरा धाडले तर एक-एक लाख.

“माझ्या नावानं पंधरा?” अक्कांचा आवाज बदलला. “माझ्या नावावर ह्या घरात गॅसची टाकी तेवढी हाय.”

“मग घराच्या कागदावर पण तुमचं नाव घाला म्हणावं. इथं बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं.”

“आन् तिथं?”

“तिथं चार म्हणजे चार.” तिथं आणखी एक सांभाळायचं असतं, घर घेतल्यावर मृत्युपत्र नोंदवून ठेवायचं, नाहीतर माघारी बायकोला कोर्टकचेरी. बिगरमुस्लिमांसाठी दुबईत २०१५ पासून त्याची वेगळी नोंदणी आहे. हे मी आबांसमोर बोलले नाही, अक्कांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, सूनबाईनं ते आधीच विचारून ठेवलंय. सूनबाई मंचरची आहे.

तर तीस लाख उभे करायचे म्हणजे वरचा वीस गुंठ्याचा जिरायत तुकडा काढायचा. गिऱ्हाईक तयार आहे. वीस गुंठे पुरे भरतात, म्हणजे तुकडेबंदीची अडचण नाही. मी म्हटलं, मग सात-बारा आणा, बघते. आबांनी उशीखालून काढला. घडी इतक्या वेळा घातलेली की मधोमध फाटायला आला होता.

आबांच्या वडिलांच्या माघारी वारसनोंद झाली तेव्हा दोन्ही बहिणींची नावं लागली आहेत. लागणारच. २००५ पासून मुलींना मुलाइतका हक्क आहे आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तो पुन्हा ठणकावून सांगितलाय. दोघींच्या सह्यांशिवाय दस्त होणार नाही.

“जुन्नरची आत्या येईल,” आबा म्हणाले. “तिचं काय नाय.”

“आन् घोडेगावची?”

कुणीच बोललं नाही. घोडेगावच्या आत्या थोरल्याच्या लग्नात मानपानावरून उठून गेल्या, त्या आजपर्यंत या अंगणात आलेल्या नाहीत. साडी हलकी होती असं त्यांचं म्हणणं. साडी चांगली होती, मी पाहिली होती; पण धाकट्या जावेच्या बहिणीला त्याहून भारी दिली होती, हेही मी पाहिलं होतं.

“हक्कसोड दिलं नाय तर वाटा मागंल ती,” अक्का म्हणाल्या. “मागू दे. हक्काचंच हाय तिच्या.” मग थोड्या वेळानं, “वैनी, येवल्याची पैठणी हप्त्यानं मिळती का हो?”