अर्ध्या सेकंदाची मसलत

१९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम अवतरलेली पोर्शे ९११ ही मोटार आता कारेरा, कारेरा एस, टार्गा, टर्बो, जीटीथ्री अशा इतक्या शाखा-उपशाखांत विस्तारली आहे, की स्टुटगार्टमधील एखाद्या सुखवस्तू गृहस्थास रोज कचेरीत जाण्यासाठी त्यांतून एकीची निवड करणे, म्हणजे वतनाच्या वारसाहक्काचा तंटा तोडण्याइतकेच जिकिरीचे होऊन बसते. कारेरा एस ही साध्या कारेराहून सुमारे अर्धा सेकंद आधी ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते, हे कळल्यापासून त्याची झोप उडालेली असते. मात्र तो वाचलेला अर्धा सेकंद पुढच्या तांबड्या दिव्यापाशी कोणत्या खाती जमा करावा, हा प्रश्न त्यास कधीच पडत नाही.

अखेर पुष्कळ मसलतीअंती त्याचे चित्त जडते ते मूळ शर्यतीच्या मैदानासाठी सिद्ध झालेल्या जीटीथ्रीवर. तिचे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेते, तिला मागची आसने नसतात आणि रस्त्यावरील उंचवट्याला तिची हनुवटी घासू नये म्हणून पुढचा भाग वर उचलण्याची सोय जादा दाम मोजून घ्यावी लागते. शहरातील ताशी ५० किलोमीटरची मर्यादा ती पहिल्याच गिअरमध्ये ओलांडू शकत असल्यामुळे, कायद्याची अदब राखणाऱ्या मालकापुरते उरलेले गिअर केवळ बिनकामाचे मानकरी ठरतात. राहता राहिला पाठीमागचा तो विशाल पंख. प्रचंड वेगात मोटार जमिनीशी दाबून धरण्याचे नेमून दिलेले कर्तव्य त्याच्या वाट्यास क्वचितच येते, परंतु शेजाऱ्यांवर दाब ठेवण्याची कामगिरी तो, गाडी उभी असतानाही, इमानेइतबारे बजावतो.