भूत नसलेल्या ठिपक्यांच्या धन्याला

शॉमबर्ग, इलिनॉय

ओपन वर्ल्ड गेममधल्या मॅपला,

नमस्कार-चमत्कार करत बसत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय आणि चारचौघांत भांडायचंय, कारण तुझा उद्योगही राजरोस चाललाय. गेम जितका मोठा तितका भारी, ही समजूत तू रुजवलीस. ट्रेलरमध्ये तुझ्या विस्ताराची जाहिरात होते, 'शंभर तास पुरेल' म्हणून परीक्षणांत गेमची पाठ थोपटली जाते आणि साठ-सत्तर डॉलर मोजून तो घरी आणणारा माणूस पुढचे कित्येक आठवडे तुझ्यावरच्या खुणा पुसत बसतो. व्हिडिओ गेममध्ये तुझ्याइतकं फाजील कौतुक दुसऱ्या कशाच्याही वाट्याला आलेलं नाही, हे माझं मत आहे आणि ते मी कुठेही बोलून दाखवीन.

मी राहते तो मुलूख आधी समजून घे. शिकागोच्या आसपासचा हा पट्टा म्हणजे गेमची जुनी पेठ. गॉटलीब, बॅली, विल्यम्स हे पिनबॉलवाले इथले. 'डिफेंडर' १९८१ साली इथे बनला, 'मॉर्टल कॉम्बॅट' १९९२ साली. आमच्या शेजारच्या एल्क ग्रोव्ह व्हिलेजमध्ये स्टर्न कंपनी अजून पिनबॉलची मशिनं बनवते. जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी रचलेला 'पॅक-मॅन' १९८० साली अमेरिकेत आणला तोही इथल्याच मिडवेने. पुढे २०१५ मध्ये खुद्द नामकोने आमच्या शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमध्ये पॅक-मॅनच्या नावाने खाण्याखेळण्याचं एक भलंमोठं ठिकाण काढलं. तेव्हा त्याचं नाव होतं 'लेव्हल २५७'. पॅक-मॅनमध्ये लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये साठवलेला असतो, त्यात २५५ च्या पुढे जागाच नाही. २५६ व्या लेव्हलला खालची फळं काढणारा कोड बिथरतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो आणि ती लेव्हल पुरी करता येत नाही. म्हणजे २५७ वी लेव्हल कुणाला कधी खेळायला मिळालीच नाही. तिचं नाव आमच्या गावातल्या पाटीवर झळकलं, याचा मला अभिमान वाटतो.

आता मुद्द्यावर येते. पॅक-मॅन हाही एक मॅपच आहे. एक चक्रव्यूह, त्यात २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. सगळं खा, पुढे जा. वरवर बघितलं तर तुझ्यात आणि त्याच्यात फरक नाही. तूही ठिपके पसरतोस, तोही पसरतो. फरक भुतांचा आहे. चार भुतं आणि चौघांचे चार स्वभाव. लाल ब्लिंकी थेट पाठलाग करतो. गुलाबी पिंकी तुम्ही जिकडे निघालात त्याच्या चार घरं पुढचा नेम धरते. निळा इंकी ब्लिंकी कुठे आहे ते बघून आपला डाव ठरवतो. नारिंगी क्लाइड अंगावर चालून येतो आणि आठ घरांच्या आत पोचला की कच खाऊन आपल्या कोपऱ्याकडे पळतो. एवढ्यामुळे त्या २४० पैकी प्रत्येक ठिपका म्हणजे एक निर्णय होऊन बसतो. डावीकडची ओळ आत्ता संपवू की नंतर? मोठी गोळी राखून ठेवू की आत्ताच गिळू? कोपऱ्यात उरलेल्या तीन ठिपक्यांसाठी जीव धोक्यात घालू का?

तुझ्या ठिपक्यांच्या मागे कोण आहे?

कुणीही नाही. मनोऱ्यावर चढायचं, वरून चौफेर बघायचं आणि खाली तुझ्या अंगावर पुरळ उठावं तशा खुणा उमटतात. २००७ च्या पहिल्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये हे नवं होतं, ते चढणं सुंदरही होतं. २०१२ च्या 'फार क्राय ३' मध्ये मनोऱ्यांच्या जागी रेडिओचे टॉवर आले. त्यानंतर ज्याने त्याने तेच गिरवलं. पेटी, पीस, छावणी, पेटी. खुणेपाशी जा, बटण दाबून धर, खूण पुसली गेली, पुढची. यात चुकायला जागा नाही, घाबरायला जागा नाही आणि म्हणून आठवण राहायलाही जागा नाही.

माझा भाचा परवा माझ्याकडे राहायला आला होता. हायस्कुलात आहे, हात चपळ, डोकं तल्लख. बाहेर बर्फ साचलेला, म्हणून दिवसभर सोफ्यावर बसून असाच एक ओपन वर्ल्ड गेम खेळत होता. मी शेजारी भाजी निवडत बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. मांडीवर फोन, फोनवर कुणाचातरी व्हिडिओ चालू. टीव्हीवरचा घोडा तुझ्या पिवळ्या रेघेवरून आपला आपण धावतोय. खूण आली की याची मान वर व्हायची, अंगठा बटणावर, पेटी उघडली, मान खाली. "कशासाठी चाललायस रे तिकडे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "माहीत नाही मावशी, मॅप क्लिअर करतोय." त्या घोड्यावरच्या माणसाचा भाऊ आदल्या रात्री गोष्टीत मारला गेला होता, तेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

त्याचा मला राग आला नाही, तुझा आला. याच मुलाला मी ब्रुकफिल्डच्या गॅलपिंग घोस्ट आर्केडमध्ये नेलं होतं. तिथे दारात एकदाच पैसे भरायचे आणि शेकडो जुन्या मशिनांवर हवं तितकं खेळायचं. 'मिस पॅक-मॅन'समोर तो ओठ चावत उभा होता. सारखा मरत होता, पण हलायला तयार नव्हता. फोन खिशातून एकदाही बाहेर आला नाही. मिस पॅक-मॅनमध्ये चार वेगवेगळे चक्रव्यूह आहेत आणि भुतांच्या चालीत थोडी अनिश्चितता मिसळलेली आहे, त्यामुळे रस्ता पाठ करून जिंकता येत नाही. मूळ पॅक-मॅनपेक्षा ती सरस आहे, माझ्या मते त्या काळातला सर्वोत्तम गेम तोच.

जुनी मशिनं काही धर्मादाय नव्हती, हे मलाही कळतं. क्वार्टर टाका, दोन-तीन मिनिटांत मरा, पुन्हा क्वार्टर टाका, असा तो रोखठोक धंदा होता. पण ती पैसे मागायची ते तुमच्या चुकीवर, तुमच्या कंटाळ्यावर नव्हे. तुझ्या कृपेने २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये सुमारे दहा डॉलरना कायमचा एक्सपी बूस्ट विकायला ठेवला होता: अनुभवाचे गुण दीडपट वेगाने मिळणार, लेव्हल भराभर वाढणार. साठ डॉलर मोजून घेतलेला गेम कमी खेळावा लागावा म्हणून आणखी दहा! जो भाग टाळण्यासाठी लोक पैसे द्यायला तयार होतील अशी बनवणाऱ्यांचीच खात्री आहे, तो भाग गेममध्ये ठेवलाच कशाला? याचं उत्तर मला तुझ्याकडून हवंय.

चांगल्या गेमनाही तू सोडलं नाहीस. 'विचर ३' मधली ब्लडी बॅरनची गोष्ट मी गेममध्ये पाहिलेल्या लेखनातली सगळ्यात कसदार मानते. दारुडा, बायकोला मारणारा, तरीही ज्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही असा तो बाप. त्याच गेममध्ये स्केलिगच्या समुद्रावर तू प्रश्नचिन्हांचा सडा घातलास. होडी हाका, तरंगत्या पिंपांपाशी बुडी मारा, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे वळा. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने तुला बऱ्यापैकी लगाम घातला होता. तिथल्या टॉवरवर चढलं की फक्त डोंगर-नद्या दिसतात, खुणा आपल्या आपण कराव्या लागतात. पण तिथेही तू ९०० कोरोक बिया पेरल्यास. सगळ्या गोळा केल्या तर बक्षीस काय, तर विष्ठेच्या आकाराचा सोनेरी गोळा. बनवणाऱ्यांनीच इतक्या उघडपणे 'नका करू' म्हणून सुचवलं, तरी लोक तुझ्या नादाने त्या वेचत बसतात.

तुझ्या भाऊबंदांत सज्जन नाहीत असं नाही. 'हॉलो नाइट'मध्ये मॅप फुकट मिळत नाही. कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा किडा शोधावा लागतो. वाटेत कागद सांडलेले दिसले, त्याचं गुणगुणणं कानावर आलं की तो जवळपास आहे हे समजायचं, मग पदरचे पैसे टाकून त्याच्याकडून अर्धामुर्धा नकाशा घ्यायचा आणि उरलेला स्वतः हिंडून भरायचा. त्या अंधारात त्याची गुणगुण ऐकू येते तेव्हा जीव भांड्यात पडतो. २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'ने तर तुला ठिपके पेरायला जागाच ठेवली नाही. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि तुमच्यापाशी शिल्लक राहतं ते फक्त जे कळलं ते. आणि आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' घे. महाबलासुराशी लढणारी एक सर्कसवाली पोर, राजस्थानी हवेल्या, कठपुतळ्या, पाच-सहा तासांत गोष्ट पुरी. त्यातलं युद्ध काही ठिकाणी कच्चं आहे, हेही सांगते. पण 'लवकर संपतो' हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो तेव्हा माझं डोकं फिरतं. नोकरी, मुलांची शनिवारची मराठी शाळा, घरकाम यांतून रात्री तासभर हाती लागणाऱ्या माणसाला तो गेम शेवटापर्यंत नेतो. तू मला आजवर क्वचितच कुठल्या शेवटापर्यंत नेलंस.

तेव्हा माझ्या घरापुरता निकाल ऐक. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत परत येतोय. त्याच्यासाठी मी 'हॉलो नाइट' घेऊन ठेवलाय. तो संपला की 'आउटर वाइल्ड्स', आणि ब्रुकफिल्डची एक फेरी ठरलेली आहे. त्याचा तो घोडेस्वार हट्ट करून सोबत आलाच, तर पहिल्या दिवशी आम्ही दोघं सेटिंग्जमध्ये जाऊन तुझ्या खुणा, तुझी पिवळी रेघ आणि कोपऱ्यातला तो छोटा मॅप बंद करणार आहोत. मग तो घोडा कुठे न्यायचा ते भाचाच ठरवील.

तुझी कुणीही नसलेली,
शॉमबर्गची एक खेळाडू मावशी