आठवी जागा

पीएचडीची प्रवेश परीक्षा 'पेट' पास झालो तेव्हा स्टँडवरच्या दुकानातून अर्धा किलो पेढे घेतले आणि सरांकडे गेलो. प्राध्यापकाला एका वेळी आठच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. सरांकडे सात होते. आठवी जागा त्यांनी मला दिली, संमतीपत्रावर हिरव्या शाईत सही केली आणि म्हणाले, "ओवीवर कर." मी "हो सर" म्हणत पाया पडलो. मला करायचं होतं दिवाळी अंकांवर. पण वाकलेल्या माणसाला असलं काही बोलता येत नाही.

घरी आल्यावर कंठ फुटला. दुसऱ्या कॉलेजातल्या एका मॅडमचा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनच्या दिवाळी अंकांचा अभ्यास दांडगा. ठरलं, गाईड बदलायचा. अजून नोंदणी नाही, कोर्सवर्क नाही. म्हणजे प्रकरण साखरपुडा मोडण्याइतकंच. (साखरपुडा मोडणं सोपं असतं, हे मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.)

सरांना कळवायचा मसुदा चार दिवस घोटला. 'अपरिहार्य कारणास्तव आपल्या मोलाच्या मार्गदर्शनास मुकावे लागत आहे.' आजवरचं मार्गदर्शन म्हणजे एक कटिंग आणि 'ओवीवर कर'. शेवटी म्हटलं, आधी मॅडमचा होकार घेऊ, मग बघू. या वेळी पेढे बाजारपेठेतल्या चांगल्या दुकानातले.

मॅडमनी दहा मिनिटं ऐकून घेतलं. पेढा मोडून अर्धा खाल्ला, अर्धा झाकणावर ठेवला.

"सरांना सांगितलंयस?"

"सांगणारच आहे."

"आधी तिकडे सांगायचं असतं, मग इकडे यायचं. असू दे. मला रिटायर व्हायला अडीच वर्षं राहिलीत. तीनपेक्षा कमी राहिली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. 2022 ची नियमावली वाचली नाहीस?"

नियमावलीची प्रिंट माझ्या पिशवीतच होती. पेढ्यांचं तूप लागू नये म्हणून खोक्याखाली अंथरलेली.

मी उठेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा. "सर, तुमचा आठवा माझ्याकडे आलाय. परत पाठवू?"

मॅडम सरांच्याच विद्यार्थिनी, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभा राहिलो. मसुदा तोंडपाठ होता, तोंड उघडत नव्हतं.

"ओवीवरच करणार ना?"

"हो सर."

"नको. दिवाळी अंकांवर बरा बोलतोस म्हणे. तेच कर." त्यांनी ड्रॉवर ओढून माझं संमतीपत्र टेबलावर ठेवलं. "आणि पेढे तिच्यासाठी नेलेस तिथून आण. मला दिलेले शिळे होते."