मुद्दाम केलेलं पंक्चर

पाण्याच्या बाटलीचं रॉकेट पाण्याच्या बाटलीपासून करायचं नसतं, ही पहिली अडचण. ती बाटली पातळ असते, दाब सोसत नाही. लागते ती फसफसणाऱ्या पेयाची, तळाला पाकळ्या असलेली. त्यामुळे आमच्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला टप्पा सव्वादोन लिटर गोड पाणी संपवण्याचा ठरला आणि तो माझ्याकडे आला. साखरेची गोळी चालू असलेल्या माणसाने विज्ञानासाठी एवढं केलं, पण घरात कौतुक शून्य. बायकोने फक्त मागचा रिपोर्ट पुढ्यात ठेवला.

मुख्य अभियंता आमची लेक, वय वर्षं अकरा. मी हरकाम्या. पंख चिकटवायला मी ग्लू गन तापवून बाटलीला टेकवली, तर बाटली निखाऱ्यावरच्या पापडासारखी आक्रसली. पुन्हा सव्वादोन लिटर.

पंखांना सनबोर्ड हवा होता. वाढदिवस उलटून गेलेल्या एका भावी नगरसेवकांचा फलक चौकात लोळत होता. त्यातून तीन पंख निघाले : एकावर 'हार्दिक', दुसऱ्यावर जोडलेल्या हातांच्या अंगठ्या, तिसऱ्यावर अर्धी मिशी. नाकात गणपतीतला उरलेला शाडूचा गोळा, कारण वजन पुढे आणि पंख मागे नसतील तर रॉकेट कोलांट्या खातं. हे तपासायला ते दोरीला टांगून डोक्याभोवती गरगर फिरवायचं असतं. आमचा हॉल दहा बाय बारा. शोकेसमधला ताजमहाल तेव्हापासून तीन मिनारांचा आहे.

बुचातून सायकलचा व्हॉल्व्ह बसवून द्यायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेलो. मामांवर छाप पडावी म्हणून मी थुंब्याची गोष्ट काढली. 21 नोव्हेंबर 1963 ला आपल्या भूमीवरून पहिलं रॉकेट उडालं ते तिथून, आणि तेव्हा तिथे रॉकेटचे भाग सायकलवरूनही नेत. कॅरिअरवर रॉकेटचं नाक ठेवलेला तो प्रसिद्ध फोटो मोबाइलवर दाखवला. मामांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"मागच्या चाकात हवा कमी वाटते," ते म्हणाले.

मग मी न्यूटनचा तिसरा नियम सांगितला : कोंडलेली हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर.

"म्हणजे पंक्चरच की. फक्त मुद्दाम केलेलं."

इतकं सोपं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मामा पंपासकट मैदानावर आले.

जास्त पाणी म्हणजे जास्त जोर, या माझ्या सिद्धांतानुसार पहिल्या खेपेला बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. रॉकेट गुडघाभर उठलं, विचारात पडलं आणि माझ्या चपलांवर ओकलं. दाबायला आत हवाच नव्हती. दुसऱ्या खेपेला लेकीने मुद्दाम पाणीच घातलं नाही. फट्‌ आवाज झाला, बाटली दोन पुरुष उंच जाऊन पडली आणि आत पांढरं काहीतरी दिसलं.

"धूर! लांब व्हा!" मी ओरडलो.

"बाबा, ढग आहे तो. हवा एकदम पसरली की गार होते." चारचौघांत बापाला असं बोलू नये, पण अभियंत्यांना कोण सांगणार?

तिसऱ्या खेपेला एक तृतीयांश पाणी. पंपाला मीटर नव्हता. मामांचा तळहात दांड्यावर. "तीस पौंड... पस्तीस..." बूच कुरकुरलं. मी नेमका बघायला वाकलो.

पुढचं मला दिसलं नाही, कारण तोंडावर पाऊण लिटर पाणी होतं. डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा अर्धी मिशी समोरच्या चार मजली इमारतीच्याही वर होती. मग ती गच्चीमागे कलली आणि नाहीशी झाली. लेक नाचत सुटली. मीही सुटलो असतो, पण चपला ओल्या होत्या.

पंप गुंडाळता गुंडाळता मामा म्हणाले, "हवेचे वीस रुपये."

"अहो मामा, सायकलला पाच घेता!"

"सायकल उद्या परत येते, साहेब. तुमचं गिऱ्हाईक वर गेलं."