पाच दिवसांचं पुण्य

लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत दहा-पंधरा तास उभं राहणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल आम्हाला खरोखर आदर आहे. याच मंडळींना रेशनच्या रांगेत वीस मिनिटं उभं करून बघा, नगरसेवकाला फोन जातो.

तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर परळचं टाटा रुग्णालय. तिथेही रांग असते. केसपेपरची, तपासणीची, औषधांची. १९४१ पासून. रांगेतली माणसं बिहार-बंगालपासून चंद्रपूर-यवतमाळपर्यंतची, आणि रात्र काढायला त्यातल्या कित्येकांच्या वाट्याला फुटपाथच येतो.

या फुटपाथवर पुण्याला तोटा नाही. वाढदिवस, वडिलांची पुण्यतिथी, आणि निवडणूक जवळ आली की पुण्य टेम्पो भरून येतं. कापलेल्या फळांचे डबे वाटायचे, फोटो काढायचा, पुढे जायचं. केमो चालू असलेल्या पेशंटला डॉक्टरांनी नेमकं हेच बजावलेलं असतं, की कापून ठेवलेली फळं खाऊ नका. पण हे विचारायचं कुणी? दात्याला पुढच्या सिग्नलला ब्लँकेटं वाटायची असतात. भर मे महिन्यात.

गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे. आता २३ फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीला पुढारी आधीच झाडून ठेवलेला रस्ता कोऱ्या झाडूने पुन्हा झाडतात, आणि कीर्तन कॅमेऱ्यापुढे करतात. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना ती आसरा देते. तिथल्या चादरी धुतानाचा सेल्फी कुणी टाकलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

मंडळांना सरसकट झोडपणंही बरं नव्हे. २०२० साली करोनात लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवलं. त्यामुळे राजा रागावल्याचं ऐकिवात नाही.

रक्तदान तसं आपल्याकडे जोरात असतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, साहेबांचा वाढदिवस. रक्त तीनशे पन्नास मिलिलिटर, बॅनर वीस फुटी. गोची एवढीच, की रक्तातल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. साहेबांचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो. ल्युकेमियाच्या पोराला प्लेटलेट्स दिवाळीतही लागतात आणि मे महिन्यातही, नेमक्या तेव्हाच, जेव्हा अर्धी मुंबई कोकणात गेलेली असते. पेशंटचा बाप परमुलखातला, शहरात ओळख ना देख. दाता आणणार कुठून?

मशीनवर नुसत्या प्लेटलेट्स काढून घ्यायला तास-दीड तास लागतो. बाकीचं रक्त त्याच बैठकीत तुमचं तुम्हाला परत. नवसाच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघण्यात जातो. इथे ना व्हीआयपी पास, ना प्रसादाचा लाडू; मिळतं ते बिस्किट आणि चहा. आणि कुणासाठी दिलं, ते बहुधा कळतही नाही. आमच्या मते हीच या व्रताची सगळ्यात मोठी सोय आहे, कारण आभार ऐकत बसावं लागत नाही.

तर वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर येत्या दिवाळीत परळला एक चक्कर मारा. जाताना फराळ करून जा. या व्रताला उपवास चालत नाही.